कलेजी रश्शात टाकली की कोरडीठक्क होते, तुम्ही काय करता?

जोंधळा

नमस्कार मंडळी. माहेर साताऱ्याकडचं, आता पुण्यात सिंहगड रोडला. घरात मटण रविवारी होतं, तेही खाणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि मुलगी. नवरा अंड्यापर्यंत येऊन थांबलेला. सासूबाई माळकरी. त्यांची तक्रार नसते, पण त्यांची भांडी वेगळी आणि वास त्यांच्या खोलीपर्यंत जायचा नाही, एवढी अट मात्र पक्की.

मुलगी पंधराची आहे. परवा हिमोग्लोबिन साडेनऊ आलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्या चालू आहेत, शिवाय खाण्यातून लोह वाढवा म्हणाले. पालक, खजूर, अळीव, सगळ्याला नाकं मुरडून झाली. मटण मात्र आवडीनं खाते, म्हणून कलेजी सुरू केली. मटणाबरोबरच पावशेर आणते आणि त्याच रश्शात टाकते, कुकरला. मटण छान होतं. कलेजी मात्र कोरडीठक्क, चावली की तोंडात नुसता भुगा, आणि मागून कडवट चव. लेक म्हणते, "आई, गोळी चालू आहे ना, मग हे परत कशाला?"

माहेरी जत्रेचं बकरं पडलं की वडील काळीज निखाऱ्यावर भाजून द्यायचे, ते असं कधीच लागलं नाही. पण इथे चौथ्या मजल्यावर निखारे कुठून आणू? यूट्यूबवर एक जण दुधात भिजवा म्हणतो, दुसरा व्हिनेगरमध्ये, तिसरा मिठाच्या पाण्यात. बकऱ्याची घ्यावी की कोंबडीची? घरी नेहमी करणाऱ्यांनीच सांगा, प्लीज. आणि वासाचं काही करता आलं तर फारच उपकार होतील.

ओंडका

ताई, आमचं मिरजेकडं मटणाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. मसाले सांगणारे इथं पुष्कळ येतील. मी ठोकळ्याच्या अलीकडच्या बाजूनं सांगतो.

पहिलं म्हणजे, काळीज हे मटण नाही. एकाच जनावरातलं म्हणून लोक एकाच पातेल्यात घालतात. मांडीच्या, चापाच्या तुकड्यात नस असते, पडदा असतो, चिवट धागे असतात. ते विरघळून मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून आपण कुकर लावतो. काळजात तसले धागे जवळजवळ नसतातच. ते कच्चं असतानाच मऊ. आच लागली की ते आवळतं आणि आतलं पाणी बाहेर टाकतं, आणि चुलीवर असेपर्यंत टाकतच राहतं. तुमच्या मसाल्यात काही खोट नाही. त्या शिट्ट्या मटणाच्या हक्काच्या आहेत, काळजाच्या नाहीत.

दुसरं, पावशेर मटणाबरोबर आणता ते तुकडे करूनच मिळत असणार. इथून पुढं अख्खी पाकळी मागा. एका बोकडाचं काळीज जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास भरतं, आणि रविवारी सकाळी दहा गिऱ्हाइकं "थोडी कलेजी टाका" म्हणत उभी असतात. गर्दीत आम्ही सत्तूर मारून तुकडे टाकतो, वरचा पापुद्रा कोण काढत बसतोय! रविवारी जायचंच असेल तर आठच्या आत जा. बुधवारी किंवा शुक्रवारी गेलात तर आणखी चांगलं, खाटीक दोन शब्द बोलेल आणि पाकळी दाखवून देईल. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्याकडं वाराची मंडळी फिरकत नाहीत, त्या दिवशी आदल्या दिवशीचं पुढं ढकललं जाण्याची शक्यता असते. माझ्याच धंद्याचं सांगतोय, पण खरं आहे. काळीज सगळ्यांत आधी खराब होतं.

बघायचं काय? रंग तांबूस तपकिरी पाहिजे, अंगाला चकाकी पाहिजे. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहता कामा नये, फुगून वर आला पाहिजे. वास रक्ताचा थोडा येणारच, पण आंबूस आला तर सरळ नको म्हणा. जनावर जून असलं की काळीज काळपट पडतं आणि उग्र लागतं. कोवळ्या बोकडाचं फिकट असतं. पांढरे ठिपके, कडक गाठी दिसल्या तर घेऊ नका. मेंढीच्या काळजात कधीकधी पानासारखे चपटे किडे निघतात, म्हणून अख्खी पाकळी उलटून बघायची सवय बरी.

आता कडवटपणाचं. काळजाला खालून पित्ताची पिशवी चिकटलेली असते. ती आम्ही कापून टाकतो. घाईत टोचली गेली तर पित्त सांडतं आणि तिथं हिरवट-पिवळा डाग पडतो. हा डाग कितीही धुतला तरी कडूच. तेवढा भाग बोटभर आजूबाजूनं कापून फेकून द्या, हळहळू नका. अख्ख्या भाजीची चव तो एक तुकडा घालवतो.

घरी आणल्यावर पाकळी अख्खीच असताना एका कडेला नखानं पापुद्रा उचला आणि हळू ओढा, कांद्याच्या पातीसारखा निघून येतो. निघाला नाही तर अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. थोडं घट्ट झालं की पापुद्राही सुटतो आणि सुरीही घसरत नाही. पांढऱ्या जाड नळ्या दिसतील त्या काढा, त्या शिजत नाहीत, चावताही येत नाहीत. मग अर्ध्या बोटाच्या जाडीचे, सगळे सारखे तुकडे करा. सारखे अशासाठी की एक जाड आणि एक पातळ असला तर पातळ आधी वाळतो. एकदा भरभर धुवा, चाळणीत निथळा, फडक्यानं टिपा. पाण्यात बुडवून ठेवायचं नाही.

आमच्या घरची पद्धत सांगतो. लोखंडी तवा किंवा जाड कढई. एक मोठा कांदा बारीक चिरून तेलात लाल करायचा. आठ-दहा लसणाच्या पाकळ्या आणि इंचभर आलं ठेचून घालायचं, मग दीड चमचा कांदा-लसूण चटणी, भाजून वाटलेलं सुकं खोबरं मूठभर, चमचाभर पाणी. हे सगळं तेल सुटेपर्यंत पुरतं शिजू द्यायचं. मसाल्याचं सगळं काम काळीज कढईत जायच्या आधी संपलं पाहिजे. मग आच मोठी करून काळीज घालायचं, पसरायचं, आणि दोन मिनिटं हात लावायचा नाही. उलटायचं, परत दोन मिनिटं. मग आच कमी करून झाकण, दोन-तीन मिनिटं. मीठ आता घालायचं, त्याच्या आधी नाही. आधी घातलं की पाणी सुटतं आणि मग ते परतलं न जाता उकडतं. एक जाड तुकडा कापून बघा, आत लाल पाणी नको पण ओलसर पाहिजे. झालं तर लगेच ताटात. गरम कढईत ठेवलं तरी ते शिजतच राहतं.

रश्शातच पाहिजे असेल तर तुमचा रस्सा मटणासकट पूर्ण होऊ द्या, कुकर उघडा, उकळी असताना पातळ काप सोडा, पाच मिनिटांत बंद. रस्सा तोच, काळीज वेगळं लागेल.

खाडीकिनारा

ओंडकाभाऊंनी मीठ शेवटी घालायचं सांगितलं ते अगदी बरोबर. आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला बकरी ईदला सगळ्यांत आधी कलेजीच होते. आमचे अब्बा कुर्बानी होईपर्यंत काही खात नाहीत, आणि मग पहिला घास कलेजीचा. बाकीचं मटण कापून, वाटे करून, धुवून चुलीवर चढेपर्यंत दुपार होते, कलेजी तोवर सगळ्यांच्या पोटात गेलेली असते. त्यामुळे तिला वाटण-घाटण करायला वेळच नसतो आणि म्हणूनच ती इतकी चांगली लागते, असं माझं मत.

काही नाही, कलेजीला ठेचलेला लसूण आणि भरड कुटलेली काळी मिरी चोळायची, पाव किलोला चांगला चमचाभर. हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. तवा धूर निघेपर्यंत तापवायचा, तेल, मग थोडी थोडी कलेजी. एकदम सगळी ओतली की तवा थंड होतो आणि पाणी सुटतं, हे लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंनी लाल झाली की मीठ, लिंबू, ढीगभर कोथिंबीर. तांदळाच्या भाकरीबरोबर. खोबरं नाही, कांदा नाही. ओंडकाभाऊ रागावू नका, पण ताज्या कलेजीवर चटणी-खोबरं घालणं मला पटत नाही, तिची स्वतःची गोडसर चव झाकली जाते.

दुधाचं विचारलंत म्हणून: सकाळची ताजी असेल तर गरज नाही. जून जनावराची किंवा कोंबडीची उग्र वाटली तर अर्धा तास दुधात ठेवून दूध टाकून द्यावं, फरक पडतो. व्हिनेगरमध्ये जास्त वेळ ठेवली की वरून पांढरी पडते आणि आधीच घट्ट होते.

ओंडका

रागावतोय कशाला, ईदच्या दिवसाची कलेजी म्हणजे तासाभरापूर्वीची. तेवढी ताजी असेल तर मीही मीठ-मिरीच लावीन. गोडसर चव म्हणताय तेही खरं, अंगातली साखर जनावर काळजात साठवून ठेवतं. म्हणूनच गरम तव्यावर ती इतक्या लवकर लाल होते, आणि लक्ष नसलं तर तितक्याच लवकर करपते.

चकना_स्पेशल

कोंबडीच्या कलेजीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ठाण्यात एका परमिट रूमच्या किचनमध्ये बरीच वर्षं काढली. कलेजी-पेटा फ्राय आमच्याकडे रोज पातेलंभर जायचा.

घरी लोकांचं चुकतं ते असं, की दुकानदार कलेजी आणि पेटा एकाच पिशवीत देतो आणि ते एकत्रच शिजवलं जातं. पेटा म्हणजे कोंबडीचं दाणे दळायचं यंत्र, सगळा स्नायूच. त्याला कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या लागतात, आधी आतलं पिवळं कातडं सोलून. कलेजीला पाच मिनिटं पुरतात. आम्ही पेटा सकाळीच हळद-मीठ घालून उकडून ठेवायचो. ऑर्डर आली की कढीपत्ता, मिरची, लसूण, पेटा परतून लाल, आणि कलेजी सगळ्यात शेवटी.

दोन गोष्टी जपा. एक, कोंबडीची कलेजी तापल्या तेलात फुटते. फोडणीतल्या मोहरीसारखं नाही, खरंच फाटकन उडते, आतल्या पाण्याची वाफ होऊन. नीट टिपून घ्या, सुईनं दोन-तीन ठिकाणी टोचा, आणि कढईवर जाळी ठेवा. माझ्या मनगटावर अजून डाग आहेत. दुसरं, कोंबडीची कलेजी आतून गुलाबी ठेवायची फॅशन हॉटेलात आली आहे, ती घरी करू नका, त्यातून मुलीसाठी. पोट बिघडवणारे जंतू तिच्या वरच नाही, आतही असू शकतात. मध्ये कापून बघा, गुलाबी दिसली तर अजून मिनिटभर. ती बकऱ्याच्यापेक्षा मऊ आणि ओलसर असते, तेवढ्यानं कोरडी पडत नाही. नवीन खाणाऱ्याला मी कोंबडीचीच देईन, वास कमी आणि तोंडात लोण्यासारखी.

थाळी

मी आहारतज्ज्ञ आहे. जोंधळाताई, मुलीला कलेजी द्यायची कल्पना चांगली आहे. कोंबडीच्या शिजवलेल्या १०० ग्रॅम कलेजीत साधारण ११ ते १२ मिलिग्रॅम लोह असतं, आणि मांसातलं लोह शरीराला पालकातल्यापेक्षा कितीतरी सहज घेता येतं. बी-१२ आणि फोलेटही भरपूर. पण गोळ्या बंद करू नका, कलेजी त्यांच्या जागी नाही, जोडीला आहे. जेवणानंतर लगेच चहा नको, निदान तासभर थांबा.

मात्र "चांगलं आहे तर रोज देऊ" असं नको. त्याच १०० ग्रॅममध्ये अ जीवनसत्त्व दिवसाच्या गरजेच्या चौपटीहून जास्त असतं आणि जास्तीचं अ जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, शरीरात साठतं. आठवड्यातून एकदा, मुलीच्या वाट्याला ७५ ग्रॅमच्या आसपास, पुरे. हा धागा वाचणाऱ्या कोणी गरोदर असतील तर त्यांनी कलेजी टाळावी, बाळाला अ जीवनसत्त्वाचा अतिरेक बाधतो. "गरोदरपणात रक्त वाढायला कलेजी खा" हा सल्ला आजही घराघरांत दिला जातो म्हणून मुद्दाम लिहिते. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी, गाउटवाल्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मांडवी

सगळे "जास्त शिजवू नका" म्हणताहेत, तर गोव्यातून थोडा विरोधी सूर. आमच्या शेजारच्या घरी नाताळाला सोरपोतेल होतं. त्यात डुकराचं मांस, काळीज, हृदय आधी उकडतात, मग बोराएवढे तुकडे करून तळतात, मग मसाल्यात आणि व्हिनेगरमध्ये परत शिजवतात. एवढ्यावर भागत नाही. भांडं दोन-तीन दिवस मुरत ठेवतात, रोज गरम करतात, आणि तिसऱ्या दिवशी सान्नांबरोबर, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या इडलीसारख्या प्रकाराबरोबर, वाढतात. त्या काळजाला कोरडं म्हणायची कोणाची हिंमत नाही.

ओंडका

मांडवी, मान्य. पण त्यात बोराएवढे तुकडे आणि डुकराची चरबी आहे, ती विसरू नका. तुकडा एवढा बारीक असला की कोरडेपणा दाताला कळत नाही, आणि रस्सा, चरबी, व्हिनेगर त्याच्या अंगात शिरतं. बोकडाच्या काळजाला स्वतःची चरबी फारशी नसते, आणि ताईंच्या रश्शात ते दोन बोटं जाड टाकलं जातं. मधलं काही नाही बघा. पाच-सात मिनिटांत संपवा नाहीतर गोव्यासारखं बारीक करून मुरवा.

जोंधळा

सगळ्यांचे खूप आभार. मला वाटलं होतं दोन ओळींत कोणीतरी "दुधात भिजवा" म्हणेल आणि संपेल. पापुद्रा काढतात हेच मला माहीत नव्हतं, माहेरी ते काम पुरुषांचं. बुधवारी जाऊन पाकळी आणते. आधी मिरी-लिंबूवालीच करते, कारण पाच मिनिटांत होत असेल तर सासूबाई देवळात गेल्या की करून, खाऊन, खिडक्या उघडून मोकळं होता येईल. ओंडकादादा, चटणी-खोबऱ्याची पुढच्या आठवड्यात, नक्की.

एकच राहिलं. मुलगी क्लासहून साडेसातला येते. संध्याकाळी पाचला करून ठेवली आणि मग मायक्रोवेव्हला गरम केली तर चालेल ना?

चकना_स्पेशल

मायक्रोवेव्ह अजिबात नको. एक तर आतून फुटून सगळा मायक्रोवेव्ह रंगवेल, दुसरं म्हणजे परत तीच कोरडी कलेजी.

खाडीकिनारा

कापून, टिपून, मिरी-लसूण लावून डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. ती हातपाय धुवून येईपर्यंत तवा तापतो. वासाचं म्हणाल तर तो शिजताना फारसा येत नाही, येतो तो धुतलेल्या पाण्याचा आणि सिंकमध्ये राहिलेल्या पापुद्र्यांचा. ते सगळं कागदात गुंडाळून लगेच खाली कचऱ्यात टाका, आणि सिंकमध्ये लिंबाची साल घासून वर गरम पाणी ओता.

ओंडका

आणि उरली तर गरम करू नका. सुरीनं बारीक चिरा, तव्यावर कांदा परतून त्यात एक अंडं फोडा, चिरलेली कलेजी मिसळा, अंडं चांगलं बसेपर्यंत हलवा आणि उतरवा. सकाळी भाकरीबरोबर. डब्यालाही चालते. बुधवारी खाटकाकडं गेलात की पाकळी उलटून बघायला विसरू नका. तो कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या.